धार परत, अमझेरा नाही

मोठ्या सत्तेच्या छायेखाली असलेला एखादा प्रदेश ती सत्ता झुगारून देण्यास उभा राहिला, म्हणजे सरकारपुढे दोन प्रश्न येतात. पहिला बंड मोडण्याचा. तो बहुधा तोफखाना सोडवितो. दुसरा प्रश्न तोफा थंडावल्यावर येतो : आता या प्रदेशाचे करावयाचे काय? १८५७ च्या लढायांवर उदंड लिहिले गेले आहे, परंतु या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते, हे पाहावयाचे तर माळव्यातील धार आणि अमझेरा या दोन शेजारी संस्थानांची हकीगत वाचावी.

धारचे पवार मराठे. बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या घराण्यांपैकी हे एक. याच धारच्या किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब १८५७ साली कानपुरास उभा राहिला, हा योगायोग असला तरी धारच्या लोकांना तो तसा वाटला असेलच असे नाही. पश्चिमेस अमझेरा हे राठोड रजपुतांचे लहान संस्थान, शिंद्यांस खंडणी देणारे. त्यापलीकडे सरदारपूर आणि राजगढ ही जवळजवळची गावे. पैकी सरदारपुरास माळवा भिल्ल पलटणीची छावणी, आणि नजीकच भोपावर येथे इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याचे ठाणे.

१८५७ च्या १ जुलैस इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि कर्नल ड्युरँडला ती सोडून जावे लागले. ही बातमी पोहोचताच अमझेऱ्याच्या राव बख्तावरसिंहाची माणसे भोपावरवर चालून गेली. भिल्ल पलटण पांगली. तेथील अधिकारी हचिन्सन कुटुंबासह झाबुआस पळाला व झाबुआच्या राजाने त्यास आसरा दिला.

धारेत प्रकार निराळा होता. राजे यशवंतराव त्याच वर्षीच्या मे महिन्यात पटकीने वारले होते व गादीवर अवघ्या १३ वर्षांचे आनंदराव बसले होते. दरबाराने बंदोबस्तासाठी अरब, मकराणी व विलायती शिपाई नोकरीस ठेवले, आणि ऑगस्टअखेर याच शिपायांनी किल्ला बळकावला. दरबाराची त्यांस फूस होती की दरबारच त्यांच्या मुठीत गेला होता, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. ड्युरँडच्या मनात मात्र शंका नव्हती. ब्रिगेडियर स्टुअर्टची फौज २२ ऑक्टोबरास धारपुढे आली, तटास खिंडार पडले, आणि ३१ च्या रात्री किल्ल्यातील लोक अंधारातून निसटून मंदसोरच्या बाजूस गेले. सकाळी इंग्रज आत शिरले, तो किल्ला रिकामा!

आता हिशेबाची वेळ आली. १८५८ च्या जानेवारीत धार संस्थान जप्त झाले. १० फेब्रुवारीस बख्तावरसिंहास इंदुरात फाशी देण्यात आले आणि अमझेरा इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या शिंद्यांस मिळाले. येथवर दोघांची दशा सारखीच. परंतु धारचे प्रकरण लंडनला गेले आणि तेथे कंपनीच्या संचालकांनी जप्तीस नापसंती दर्शविली. ग्वाल्हेर व इंदूर यांसारखी बलाढ्य संस्थाने आपल्या फौजा आवरू शकली नाहीत, मग पोरवयाच्या राजाच्या दुबळ्या दरबारास त्याच गोष्टीबद्दल शिक्षा कशी करावी, असा रोकडा युक्तिवाद पुढे आला. त्यास उत्तर देणे कठीण होते. १८६० साली संस्थान आनंदरावांस परत देण्याचे ठरले. तरीही कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला, तेव्हा जॉन डिकिन्सन या इंग्रज गृहस्थाने १८६४ साली ‘धार परत केलेले नाही’ अशा अर्थाचे नाव देऊन एक पुस्तिकाच छापली. त्याच वर्षी आनंदरावांस कारभाराचे अधिकार मिळाले.

अमझेऱ्याचा राव स्वतः उठावाच्या अग्रभागी होता आणि धारचा राजा अजाण होता, हा भेद खराच. पण त्याने राव फाशी का गेला एवढेच कळते. रावाचे संस्थानही का गेले, ते कळत नाही. त्याचे कारण अपराधात न शोधता बक्षिसांच्या यादीत शोधावे लागते. शिंद्यांस काही द्यावयाचे होते, आणि अमझेरा त्यांच्याच खंडणीचा मुलूख असल्याने सोयीचा होता. धारवरही हा नियम चालला : राज्य परत आले, पण बैरसिया परगणा वगळून, तो एकनिष्ठ राहिलेल्या भोपाळच्या बेगमेस देण्यात आला. धारकरांचे भाऊबंद असलेल्या देवासच्या दोन्ही पात्यांच्या पवारांनी इंग्रजांस साहाय्य केले होते. त्यांची राज्ये अबाधित राहिली.

याच इंग्रज सत्तेने वीस वर्षांपूर्वी कॅनडात निराळा मार्ग धरला होता. १८३७–३८ च्या उठावानंतर माँट्रियल येथे बारा जणांस फाशी झाली खरी, परंतु लॉर्ड डरहॅमला पाठवून लोक का उठले याचीही चौकशी झाली. १८३९ च्या त्याच्या अहवालानंतर दहा वर्षांच्या आत तेथे लोकप्रतिनिधींस जबाबदार असे मंत्रिमंडळ आले. माळव्यास असा कोणी डरहॅम लाभला नाही. जे वाचले ते लंडनमधील वादविवादामुळे, आणि तेथे बाजू मांडणारा धारला मिळाला, अमझेऱ्यास मिळाला नाही.

आनंदराव पवार १८९८ पर्यंत धारच्या गादीवर होते. अमझेरा शिंद्यांकडेच राहिला. १९४८ साली मध्यभारत संघ झाला, त्यात ग्वाल्हेर आणि धार ही दोन्ही संस्थाने विलीन झाली, आणि बख्तावरसिंहाचे गाव धार जिल्ह्यात आले.