कॅफिन आणि थकव्याचे मोजमाप

कॉफीने तरतरी येते हा अनुभव जुनाच. पण ती तरतरी स्नायूंत उपजते की मेंदूत, याचा पद्धतशीर शोध फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनज्ञाने 1819 च्या सुमारास कॉफीच्या बियांतून कॅफिन वेगळे काढल्यावरच शक्य झाला, कारण तेव्हापासून ते तोलूनमापून देता येऊ लागले. थकवा मोजण्याचे साधन मात्र त्या शतकाच्या अखेरीस हाती आले. तूरिनच्या आंजेलो मोस्सो यांच्या ‘एर्गोग्राफ’ या यंत्रात हात जखडून मधल्या बोटाला दोरीने वजन अडकवीत, आणि ठरावीक तालावर ते उचलताना प्रत्येक खेपेची उंची काजळी धरलेल्या कागदावर रेघेने उमटे. रेघा आखूड होत जाऊन अखेर बोट हलेनासे होई.

निलगिरीच्या तोडा समाजावरील 1906 च्या ग्रंथामुळे भारतीय अभ्यासकांना परिचित असलेले केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वेबर यांच्यासह 1907 मध्ये याच यंत्रावरील कॅफिनचे प्रयोग प्रसिद्ध केले. औषध घेतल्याच्या नुसत्या जाणिवेनेही बोटाला जोर चढू शकतो हे ओळखून रिव्हर्स यांनी कॅफिनयुक्त आणि कॅफिनरहित मिश्रणे चवीवरून ओळखू येणार नाहीत अशी योजना केली, आणि तरीही कॅफिनने कार्यशक्ती वाढते असेच आढळले. या निष्कर्षापेक्षाही ती सावधगिरीच अधिक मोलाची मानावी लागेल.

पुढे 1978 मध्ये अमेरिकेत डेव्हिड कॉस्टिल व सहकाऱ्यांच्या प्रयोगात 330 मिलिग्रॅम कॅफिन घेतलेले सायकलपटू थकून थांबेपर्यंत सरासरी सुमारे 90 मिनिटे टिकले, तर कॅफिनविना सुमारे 75 मिनिटे. कॅफिनमुळे चरबी अधिक जळते व ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतील साखरेचा साठा, वाचतो, हे त्यांचे स्पष्टीकरण बराच काळ प्रचलित होते. परंतु नंतरच्या प्रयोगांत त्याला सातत्याने पुष्टी मिळाली नाही. आज मुख्य भर मेंदूवर आहे: थकव्याची व झोपेची जाणीव वाढविणारे ॲडेनोसिन हे द्रव्य ज्या ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटते, त्यांना कॅफिन अडवून धरते, आणि त्यामुळे तेवढेच श्रम कमी जड वाटतात.

ऑलिंपिकमध्ये 1980 च्या दशकात कॅफिनसाठी मूत्रातील प्रमाणाची मर्यादा घालण्यात आली होती. पण प्रत्येकाचे शरीर कॅफिन वेगवेगळ्या गतीने पचवीत असल्याने चहा-कॉफीची रोजची सवय आणि हेतुपुरस्सर घेतलेली मात्रा यांत त्या आकड्यावरून भेद करता येईना, आणि 2004 च्या आरंभी कॅफिन निषिद्ध द्रव्यांच्या यादीतून वगळले गेले.