हाताला काम : वर्धा परिसरातील कुष्ठसेवेचा एक दुर्लक्षित पैलू

दीर्घकाळ सोबत राहणाऱ्या रोगाचा इतिहास सामान्यतः औषधांच्या किंवा सेवाव्रतींच्या अंगाने लिहिला जातो. त्या रोगासह जगणाऱ्या माणसाने पोट कसे भरले, हा प्रश्न बहुधा परिशिष्टात जातो. विदर्भातील कुष्ठसेवेच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर परिचित चित्राची मांडणी काहीशी बदलते.

त्यासाठी आर्वी हे गाव दृष्टीपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. वर्धा जिल्ह्यातील हा तालुका कापसाचा. पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे आली तीही कापसाच्या व्यापारासाठीच. कापसाचे अर्थकारण मजुराच्या हातांवर चालते. पेरणी, निंदण, वेचणी या साऱ्या कामांत बोटांचा स्पर्श हेच मुख्य साधन असते. कुष्ठरोग आघात करतो तो नेमका याच साधनावर. त्वचेलगतच्या मज्जातंतूंना इजा होऊन बोटांची संवेदना जाते. बोंडाचे वाळलेले टोकदार कवच बोटात शिरले, चुलीवरचे भांडे पोळले किंवा विळ्याच्या मुठीने तळहात सोलला, तरी ते कळत नाही. जखम चिघळते, बोटे आखडतात, झडतात. बोटे रोगाने सडून गळतात असा समज दीर्घकाळ होता. संवेदनाहीन हाताला वारंवार होणारी इजा हे त्याचे मोठे कारण आहे, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामातून १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पष्ट होत गेले. म्हणजे ज्याला जगण्यासाठी काम अपरिहार्य, त्याचा हात ते कामच नष्ट करीत होते. कष्टकऱ्याच्या बाबतीत रोग आणि रोजगार यांचा संबंध असा दुहेरी होता.

या पेचात कायद्याने भर घातली. १८९८ चा ब्रिटिशकालीन कुष्ठरोगीविषयक कायदा जेथे लागू केला जाई, तेथे निराधार कुष्ठरोग्याला आश्रमात डांबण्याची तरतूद होती. शिवाय खाद्यपदार्थ, पेये, कपडे अशा वस्तू तयार करण्याचे वा विकण्याचे व्यवसाय त्याला निषिद्ध ठरवता येत. भीक मागावी तर अटक आणि धंदा करावा तर बंदी, असा हा न्याय. हा कायदा केंद्रीय पातळीवर रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी सुरू केलेल्या कुष्ठधामाचे महत्त्व लक्षात येते. विनोबांचे सहकारी असलेल्या दिवाणांनी रुग्णसेवेला शेतीची आणि सूतकताईची जोड दिली. सेवाग्रामात गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा स्वतः केली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमातही कुष्ठरोग्यांना स्थान मिळाले आणि तेथे त्यांनी दिवाणांच्या संस्थेचा आवर्जून उल्लेख केला. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले. जिल्ह्याच्या दक्षिणेला, हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९५१ च्या सुमारास आनंदवनाचा प्रारंभ केला. दान माणसाला पंगू करते आणि श्रम त्याला घडवतात, हे आनंदवनाचे सूत्र महाराष्ट्राला पाठ आहे.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला या संस्थांच्या नावांकडे लक्ष वेधावेसे वाटते. कुष्ठधाम, तपोवन, आनंदवन ही सारी नावे निवासाची आहेत, व्यवसायाची नाहीत. ‘धाम’ आणि ‘वन’ या शब्दांमागे आपल्या परंपरेतील एकांताची, विरक्तीची, गावकुसाबाहेरच्या आश्रयाची संपूर्ण अर्थवलये उभी असतात. श्रमाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या संस्थांनाही ही नावे घ्यावीशी वाटली, कारण श्रमाला जागा होती ती गावाबाहेरच. आश्रमात शेतकरी, विणकर वा सुतार झालेला माणूस आपल्या मूळ गावी मात्र ‘महारोगी’च राहत होता.

श्रम केले की प्रतिष्ठा मिळते, हेही पुरते खरे नव्हते. आनंदवनात पिकलेली भाजी आणि तेथले दूध घेण्यास आरंभी वरोऱ्याचे लोक तयार नव्हते. १९५४ मध्ये अनेक देशांतील स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांसमवेत बांधकामात राबले आणि तेथले अन्न जेवले. त्यानंतर गावाची भीती हळूहळू ओसरू लागली. या घटनेचा अर्थ गंभीर आहे. रुग्णाचा श्रम सिद्ध झालाच होता. कमतरता होती ती त्या श्रमाचे मोल देणाऱ्या गिऱ्हाइकाची. रोजगार ही काम करणारा आणि त्याचे काम स्वीकारणारा या दोघांमधली गोष्ट आहे. त्यातील दुसरा पक्ष माघार घेतो, तेव्हा पहिल्याच्या जिद्दीची कितीही स्तोत्रे गायली तरी पोट भरत नाही. पुढे १९६४ मध्ये कुष्ठमुक्तांच्या श्रमातून आनंदवनात महाविद्यालय उभे राहिले आणि गावची निरोगी मुले तेथे शिकू लागली. गावच कुंपणाच्या आत आले, असे त्याचे वर्णन करता येईल.

याच काळात वर्ध्यात एक वेगळे, कमी नाट्यमय उत्तर आकार घेत होते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. आर. व्ही. वारडेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री राबवली. कार्यकर्त्याने घरोघर जाऊन अंगावरचे बधिर चट्टे लवकर हुडकायचे, लोकांना रोगाची माहिती द्यायची आणि रुग्ण आपल्या घरीच असताना त्याला डॅप्सोनच्या गोळ्या पुरवायच्या, अशी ही पद्धत. पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि वर्षानुवर्षे चालणारा उपचार मर्यादित काळात पूर्ण होऊ लागला. देशात ज्या जिल्ह्यांत तो आरंभी राबवला गेला, त्यांत वर्धा होता.

रोजगाराच्या दृष्टीने या त्रिसूत्रीचे मोल फार मोठे आहे. बोटे आखडण्यापूर्वी निदान झाले, तर वेचणारी वेचतच राहते, शिंपी शिवतच राहतो. त्याला नवे कौशल्य, नवे गाव, नवे नाव घ्यावे लागत नाही. आश्रमाने गेलेले काम पुन्हा दिले. या पद्धतीने काम जाऊच दिले नाही. परंतु जे घडलेच नाही त्याची कथा होत नाही. म्हणून आपल्या चरित्रांत आणि गौरवग्रंथांत आश्रम ठसठशीत दिसतात आणि गोळ्या घेत शेतावर जाणारा अनाम मजूर दिसत नाही. यात आश्रमांचे मोठेपण कमी होत नाही. ज्यांना घराने बाहेर काढले होते, त्यांना दुसरा आधार नव्हताच. आपल्या स्मृतीचा तोल मात्र एकीकडे झुकला आहे, हे मान्य करावे लागते.

कायद्याची वाटचालही याच रेंगाळलेपणाची साक्ष देते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने कुष्ठमुक्तांना अपंगत्वाच्या व्याख्येत घेतले, पण नोकरीतील आरक्षणाच्या यादीत त्यांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. तो २०१६ च्या कायद्यात आला. याच कायद्याने सिकलसेल या रक्तविकाराला अपंगत्व म्हणून मान्यता दिली, तथापि नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत रक्तविकारांना स्थान दिले नाही. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत, हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात बोटे झडत नाहीत, व्यंग दिसत नाही. असह्य वेदनेचे झटके येतात, खाडे होतात आणि कामचुकारपणाचा शिक्का बसतो. कुष्ठरोग्याला त्याचा रोग दिसत होता म्हणून काम नाकारले गेले. सिकलसेलच्या रुग्णाचा रोग दिसत नाही, म्हणून त्याच्या गैरहजेरीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

दत्तपूर ते आनंदवन या परंपरेने आजारी माणूस काम करू शकतो, हे निर्विवाद सिद्ध केले. ते पुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी प्रत्येक नव्या रुग्णावर टाकणे अन्यायाचे आहे. आता परीक्षा काम देणाऱ्याची आहे, आणि ती कुंपणाबाहेर, आर्वीसारख्या गावांच्या बाजारात, कचेऱ्यांत आणि शाळांतच व्हायची आहे.