‘इंद्रजाल’ : विद्येचें नांव पोथीस कसें आलें

उदगीर हें गांव १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत मोडत असे. मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषा येथें शेजारीं नांदल्या. या बाजूस जुनें दप्तर सोडतांना एखाद्या पोथीवर ‘इंद्रजाल’ असें शीर्षक दिसलें कीं घरची मंडळी दचकतात, व ती जारणमारणाची समजून नदींत सोडण्याची भाषा निघते. म्हणून या शब्दाचा पूर्वेतिहास पाहणें अवश्य आहे.

शब्दाचा मूळ अर्थ इंद्राचें जाळें एवढाच. अथर्ववेदाच्या आठव्या कांडांत शत्रुसैन्यावर टाकावयाच्या जाळ्याचें वर्णन असून अंतरिक्ष हें जाळें व दिशा हे त्याचे खुंट, अशी कल्पना केली आहे. कामंदकीय नीतिसारांत साम, दान, भेद, दंड, माया व उपेक्षा यांच्या जोडीस इंद्रजाल हा उपाय सांगितला आहे. सातव्या शतकांतील हर्षाच्या ‘रत्नावलीं’त ऐंद्रजालिक अंतःपुरांत खोटी आग उठवून दाखवितो. जाळें, राजनीति, नजरबंदी असे हे तीन अर्थ. यांपैकीं एकाही ठिकाणीं पोथीचा संबंध नाहीं.

पुढें तांत्रिक वाङ्मयांत हें एका विद्येचें नांव बनलें, व तिच्या प्रयोगांच्या संग्रहासही तेंच लागलें. यांत नवल नाहीं; ‘व्याकरण’ म्हणजे शास्त्रही आणि त्याचें पुस्तकही. फ्रेंच भाषेंत मात्र उलट प्रकार घडला. व्याकरणवाचक ‘ग्रामेर’ या शब्दापासूनच जादूच्या पुस्तकाचें ‘ग्रिम्वार’ हें नांव निघालें; लॅटिन पोथी सामान्य जनांस कळेना, म्हणून ती मंत्राची ठरली. आमच्याकडे विद्या पोथी झाली. तिकडे न कळणारी पोथी विद्या झाली.

‘जादू’ शब्दाचीही अशीच गंमत आहे. तो फारसींतून आला खरा. परंतु अवेस्तांतील ‘यातु’ हें त्याचें मूळ, आणि वेदांतील ‘यातु’ व ‘यातुधान’ हे त्याचेच सगोत्र. परका वाटणारा हा पाहुणा मुळांत घरचाच भाऊबंद होय.

आतां पोथीच्या अंतरंगाविषयीं. गजपति प्रतापरुद्रदेवाचा ‘कौतुकचिंतामणि’ याच वर्गांतला. पण त्यांतील दारूकामाचे प्रयोग प. कृ. गोडे यांनीं १९५३ च्या निबंधांत हिंदुस्थानांतील शोभेच्या दारूच्या इतिहासाचें साधन म्हणून वापरले. तो ग्रंथ कोणी भयानें बुडविला असता, तर हा पुरावाही त्याबरोबर गेला असता. सबब शीर्षकावरून निकाल देऊं नये. आधीं पानें वाचावीं.