डोक्यावरून कॅरिअरवर

वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसाच्या ओढीने. १८६७ साली मुंबईकडून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोहोचला. अमरावती तेवढी सहा मैल बाजूला राहिली. तिला मागाहून बडनेऱ्याहून फाटा जोडावा लागला. कापसाच्या गाठी रुळांवरून मुंबईला जाऊ लागल्या, पण माणसाचे गाठोडे स्टेशनापासून गावापर्यंत डोक्यावरच राहिले. ज्याच्या दारी बैल त्याची दमणी, घोडे असेल त्याची खुर्जी, बाकीच्यांच्या नशिबी खांद्यावरची पडशी.

तिकडे इंग्लंडात १८८५ साली स्टार्लीने सारख्या चाकांची सायकल काढली आणि १८८८ साली डनलॉपने तिच्या चाकांत हवा भरली. आपल्याकडे मात्र ती सर्वसामान्यांच्या हाती यायला स्वराज्य यावे लागले. १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्याला हीरो, असे देशी कारखाने उभे राहिले. (त्याच १९५६ च्या डिसेंबरात गाडगेबाबांनी अमरावतीच्या वाटेवर देह ठेवला. खराटा आणि गाडगे एवढ्या सामानावर जन्म काढलेल्या त्या पुरुषाला कॅरिअरची गरजच नव्हती!)

सायकल हाती येताच आपल्या माणसाने तिला बैलासारखे जुंपले. ओझे बांधणे ही विद्याच आहे. दुधाचे कॅन दोन्ही अंगांना सारखे अडकवावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. जड पोते फार मागे सरकले की हॅण्डल हलके होते आणि पुढचे चाक वाट सोडते. म्हणून पोते सीटला भिडवायचे. बांधायला सुतळीपेक्षा जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी बरी, कारण गचका बसला तरी तिची पकड सुटत नाही. फारच वजन झाले तर शहाणा माणूस सीटवर बसतच नाही, हॅण्डल धरून शेजारून चालतो. शाळामास्तरांचे बिऱ्हाड त्या मानाने सुटसुटीत: हॅण्डलला पिशवी, कॅरिअरवर वह्यांचा गठ्ठा आणि दांड्यात अडकवलेली छत्री.

सायकलीचा खरा वैरी म्हणजे आपली काळी जमीन. जी माती कापूस पिकवते, तीच आषाढात मडगार्डात घट्ट बसते. पऱ्हाटीच्या काडीने ती कोरून काढावी, दहा पावले जावे, पुन्हा कोरावी. शेवटी सायकलच खांद्यावर घ्यायची! वाहनाने आपल्याला न्यावे की आपण वाहनाला, हा प्रश्न त्या पांदणीतच सुचतो.

इतके कौतुक केले, आता थोडे कटू बोलतो. सायकलीने उतरवले ते पुरुषाच्या डोक्यावरचे ओझे. तो दळणाचा डबा कॅरिअरवर टाकून गिरणीला गेला. पाण्याची घागर, सरपणाची मोळी आणि शेतातली न्याहारी मात्र त्याच घरच्या बाईच्या डोक्यावर राहिली. बाईने सायकलीवर बसावे, हे गावाला पुष्कळ वर्षे मानवले नाही. चाक स्वस्त झाले, रीत स्वस्त झाली नाही.

या शतकात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळू लागले. त्या सायकलींना पुढे तारेची टोपली असते. सकाळी तिच्यात दप्तर आणि डबा. संध्याकाळी येताना पुष्कळदा आईने सांगितलेली गावातली मेथीची जुडी, आणि मागे कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीने आवळलेला दळणाचा डबा.