गोदा-नर्मदेच्या खोऱ्यांतील महासरट

ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून विल्यम स्लीमन ह्याचें नांव आपल्याकडील सुशिक्षितांस ठाऊक असतें. परंतु त्याच्या हातून घडलेलें दुसरें एक कार्य फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. १८२८ सालीं जबलपूरच्या बडा सिमला नामक टेकडीवर त्यास दगड झालेलीं प्रचंड हाडें मिळालीं. तीं कोणाचीं, हें सांगणें त्या काळीं सोपें नव्हतें. ‘डायनोसॉर’ हा शब्दच अद्याप जन्मास यावयाचा होता. इंग्लंडांत सांपडलेल्या तशाच हाडांवरून बकलंडनें १८२४ सालीं मेगॅलोसॉरसचें व मॅण्टेलनें १८२५ सालीं इग्वानोडॉनचें वर्णन केलें होतें खरें. पण हे प्राणी एकाच कुळांतील होत हें रिचर्ड ओवेन ह्यानें ओळखलें, आणि १८४२ सालीं ‘भयंकर सरट’ अशा अर्थाचें ग्रीक नांव त्या कुळास दिलें. म्हणजे कुळाचें बारसें होण्यापूर्वीं १४ वर्षें आपल्या नर्मदाकांठचा एक कुलबंधु उजेडांत आला होता.

ह्या हाडांचा पुढील प्रवास चमत्कारिक आहे. जबलपुराहून तीं कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप ह्याच्याकडे पोंचलीं. अशोकाचे लेख ज्यानें वाचले तोच हा प्रिन्सेप. पुढें १८७७ सालीं रिचर्ड लिडेकर ह्यानें त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही नवी जात ठरविली. एवढा मान मिळाल्यावर हा नमुना जपून ठेविला जाईल अशी कोणाचीही कल्पना होईल. तो हरवला! हिंदुस्थानच्या पहिल्या डायनोसॉराचा पत्ता कित्येक दशकें कोणासच नव्हता. २०१२ सालीं कोलकात्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संग्रहांत त्याचा पुन्हां छडा लागला. मौज अशी कीं, तेवढ्या मणक्यांवरून स्वतंत्र जात ठरविणें योग्य नव्हे असें आतांच्या विद्वानांचें मत पडलें आहे. परंतु त्या नांवावरून पडलेलें ‘टायटॅनोसॉर’ हें गोत्रनाम मात्र पृथ्वीभर रूढ झालें. आर्जेंटिनांतील ज्या महाकाय पशूंची गणना भूचरांत सर्वांत मोठे म्हणून होते, ते जबलपूरच्या ह्या मणक्यांवरून पडलेलेंच नांव लावतात.

आमच्या घरांतील मुलांस अमेरिकेच्या टिरॅनोसॉरसाचें चित्र ओळखतां येतें, त्याचे दांत किती मोठे हेंही तीं सांगतात. आपल्या देशांतील एकाही डायनोसॉराचें नांव मात्र त्यांस सहसा सांगतां येत नाहीं. ह्यांत मुलांचा दोष नाहीं; पुस्तकें तिकडचीं, चित्रेंही तिकडचीं. वास्तविक ह्या कुळाच्या इतिहासाचा आरंभ, मध्य आणि शेवट हे तीनही अध्याय गोदावरी, प्राणहिता व नर्मदा ह्यांच्या खोऱ्यांत वाचावयास मिळतात, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम डायनोसॉर म्हणजे काय तें पाहूं. ‘सरट’ हा शब्द आम्हीं मथळ्यांत योजिला तो ओवेनच्या नांवास अनुसरून. सरड्याशीं ह्या प्राण्यांचें नातें दूरचें, सुसरीशीं त्याहून जवळचें. सरड्याचे पाय कुशींतून बाहेर फांकलेले असतात व तो पोट जमिनीलगत ठेवून चालतो. डायनोसॉराचे पाय खांबांप्रमाणें धडाच्या थेट खालीं असत. धावण्यास आणि पुढें प्रचंड भार पेलण्यास ही ठेवण सोयीची ठरली. सुमारें २५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील बहुतेक जीवजाति नष्ट झाल्या. त्या ओसाड जगांत जे नवे वंश वाढले, त्यांतील एका शाखेंत सुमारें २३ कोटी वर्षांपूर्वीं पहिले डायनोसॉर निपजले. ते लहान होते. आज तेलंगणांत असलेल्या मालेरी येथील तांबड्या मातीच्या थरांत अशाच एका आद्य प्राण्याचे अवशेष मिळाले आणि शंकर चटर्जी ह्यांनीं १९८७ सालीं त्यांचें वर्णन केलें. ‘आल्वॉकेरिया’ हें त्याचें हल्लींचें नांव. त्या नांवाखालीं जमलेल्या हाडांपैकीं कांहीं दुसऱ्याच प्राण्यांचीं असावींत अशी शंका पुढें निघाली, व ती रास्त दिसते. त्या काळीं सत्ता सुसरींच्या भाऊबंदांची होती, आणि डायनोसॉर त्यांच्या पायांखालून वाट काढीत होते.

सुमारें २० कोटी वर्षांपूर्वीं आणखी एक संहार झाला. सुसरींचे बहुतेक भाऊबंद त्यांत संपले आणि जागा मोकळी झाली. त्यानंतर काय घडलें ह्याचा देखणा पुरावा पुन्हां प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांत, कोटा ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या थरांत मिळाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांनीं तेथें सुमारें ३०० हाडें खणून काढलीं. तीं निदान सहा प्राण्यांचीं होतीं. सांख्यिकीच्या संस्थेनें हाडें खणावींत ह्याचें वाचकांस नवल वाटेल. पण तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांची दृष्टि तेवढी विशाल होती. प्राण्याचा पाय लांबलचक, म्हणून बंगालींत ‘बडा पा’. आणि १९६१ हें रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचें वर्ष, म्हणून टागोर. अशा रीतीनें ‘बारापासॉरस टागोरी’ हें नांव सिद्ध झालें व १९७५ सालीं तें प्रसिद्ध झालें. कवीचें नांव धारण करणारा हा शाकाहारी पशु सुमारें ४५ फूट लांब होता. त्याची कवटी मात्र मिळाली नाहीं. लांब मान व लांब शेपूट असलेल्या महाकाय शाकाहाऱ्यांच्या परंपरेंतील हा फार जुना प्रतिनिधि असल्यामुळें, लहान पूर्वजांपासून भीमकाय वंशज कसे झाले हें समजून घेण्यास तो उपयोगी पडतो. त्याचा सांगाडा कोलकात्यास त्याच संस्थेंत उभा आहे.

ह्या मधल्या युगांत मांसाहारी शाखेंतून पक्षी निघाले. १८६१ सालीं बव्हेरियांत पिसें असलेला आर्किऑप्टेरिक्स आणि १९९६ सालीं चीनमध्यें अंगावर पिसांसारखी लव असलेला डायनोसॉर मिळाला, एवढें येथें पुरे. हा अध्याय आपल्याकडील दगडांनीं फारसा लिहिलेला नाहीं.

शेवटचा अध्याय मात्र त्यांनीं भरभरून लिहिला आहे. जबलपूरजवळील लमेटा घाटावरून ज्यांस नांव पडलें ते थर मध्यप्रदेश, गुजरात व विदर्भ येथें काळ्या कातळाच्या लगेच खालीं आढळतात. त्या वेळीं आपली भूमि मादागास्करपासून तुटून, समुद्रांत एकटी, उत्तरेकडे सरकत होती. गुजरातेंत रहिओली येथें मिळालेल्या व २००३ सालीं नांव दिलेल्या ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ ह्या शिंगधारी मांसाहाऱ्याचे आप्त मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथें सांपडतात, ही त्या जुन्या एकत्र कुटुंबाची खूण होय.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गांव आहे. तेथें डायनोसॉरांच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही मिळते. हा विषय शिष्टजनांस रुचणार नाहीं, पण त्यांतूनच २००५ सालीं एक मोठा शोध लागला: त्या विष्ठेंत गवताच्या पेशींतील गारेचे सूक्ष्म कण निघाले! गवत हें डायनोसॉरांच्या पश्चात् उगवलें अशी तोंवर समजूत होती. गुजरातेंतीलच एका घरट्यांत अंड्यांभोंवतीं वेटोळें घातलेला साडेतीन मीटर लांबीचा सर्प आणि शेजारीं नुकतेंच अंड्यांतून निघालेलें पिलूं, असा प्रसंगच्या प्रसंग दगडांत गोठलेला मिळाला. धार जिल्ह्यांत ९२ घरटीं व २५६ अंडीं आढळल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच जिल्ह्यांतील पाडल्या गांवचे लोक शेतांत सांपडणारे वाटोळे दगड ‘काकड भैरव’ म्हणून पूजीत आले होते. तीं डायनोसॉरांचीं अंडीं असल्याचें अभ्यासकांनीं त्यांस सांगितलें. कलकत्त्याच्या संग्रहांत जें साधलें नाहीं, तें जतनाचें काम त्या शेतकऱ्यांच्या देवघरांत झालें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पक्ष्यांवांचून हें सगळें कुळ नाहींसें झालें. १९८० सालीं अल्वारेझ पितापुत्र व त्यांचे सहकारी ह्यांनीं उल्कापाताची उपपत्ति मांडली, आणि मेक्सिकोंतील चिक्शुलूबच्या सुमारें १८० किलोमीटर रुंद विवरानें तिला बळ दिलें. पण त्याच सुमारास आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हारस लोटत होता. लमेटाचे थर त्याखालीं गाडले गेले आणि अजिंठ्याचीं लेणीं व शिवरायांचे गड ज्यांत कोरले तो कातळ घडला. त्या धगीनें व विषारी वायूंनीं संहारास किती हातभार लावला, हा वाद मिटलेला नाहीं. २०१९ सालीं दोन अभ्यासकगटांनीं ह्या थरांचें वय अत्यंत सूक्ष्मतेनें मोजलें. उद्रेकाचा एक मोठा भर उल्कापाताच्या थोडा आधीं सुरू झाला असें एका गटाचें अनुमान. बहुतेक लाव्हा त्यानंतर वाहिला असें दुसऱ्याचें. उल्केचा आघात हें मुख्य कारण, हा पक्ष आम्हांस अधिक सबळ वाटतो. मात्र निकालासाठीं दोन्ही गटांनीं दगड नेले ते सह्याद्रीच्या घाटांतूनच.