विद्यापीठ नव्हते तेव्हाचे सोलापूर

सोलापूर म्हटले की चादर आठवते, शेंगांची चटणी आठवते, गड्ड्याची जत्रा आठवते. संशोधन काही कुणाला आठवत नाही. यात वाचकांचा दोष नाही. या गावाला स्वतःचे विद्यापीठ लाभले तेच मुळी १ ऑगस्ट २००४ रोजी.

आगगाडी मात्र येथे १८६० सालीच आली होती, आणि पुढे शिकायचे तर तिच्यात बसून निघणे प्राप्त होते. १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस असेच मुंबईला वैद्यकी शिकायला गेले. पदवीनंतरच्या परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच १९३८ साली त्यांनी चीनला जाणाऱ्या वैद्यकीय पथकात नाव घातले, आणि ती परीक्षा राहूनच गेली. १९४२ च्या डिसेंबरात ते तिकडेच निवर्तले. वय अवघे बत्तीस.

१९४० साली दयानंद कॉलेज निघाले आणि पदवीपुरती सोय घरच्या घरी झाली. त्यापुढची वाट बाहेरचीच. १९४९ पासून पुणे विद्यापीठ जवळ आले, तोच १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन सोलापूर जिल्हा तिकडे जोडला गेला. नकाशावर हे ठीकच दिसते! प्रबंधाची वही बगलेत मारून मार्गदर्शकाच्या दारी रेल्वेने जाणाऱ्याने मात्र कुर्डुवाडीला उतरावे, बार्शी लाइटच्या अरुंद गाडीने पंढरपूरवरून मिरज गाठावे आणि तेथून कोल्हापूरची गाडी धरावी. संशोधकाला चिकाटी लागते म्हणतात. सोलापूरकराची ती प्रवासातच पुरी खर्च होत असावी.

तरीही या जिल्ह्यात ज्ञानाचे काम थांबले नव्हते. आपण हिवाळ्यात ज्या शाळूची भाकरी खातो, त्यातली ‘मालदांडी ३५-१’ ही नामांकित जात निवडली गेली ती मोहोळच्या शेतावर. नावामागचे ‘एम’ हे अक्षर मालदांडीचेच. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र चालू झाले. पाऊस बेभरवशाचा, जमीन काळी. पडलेले पाणी वाहून न जाता जमिनीत कसे मुरावे, एवढा एकच प्रश्न घेऊन माणसे वर्षानुवर्षे बसली.

दुसरे काम पोथ्यांचे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती जैन ग्रंथांच्या प्रकाशनाला दिली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ति’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग निघाला. संपादक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन. १९४९ साली त्याच मालेत गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कृष्णकांत हांडिकी यांचा सोमदेवाच्या ‘यशस्तिलका’वरील इंग्रजी ग्रंथ आला. आसामातल्या कुलगुरूचे पुस्तक छापून काढायला सोलापूरचे प्रकाशन धावले, आणि त्या वेळी सोलापुरात पदव्युत्तर वर्गाचे विद्यापीठ नव्हते! हा मजेचा योग मला फार आवडतो.

आणि खुद्द सोलापूर? त्याचा अभ्यास पुण्याने केला. धनंजयराव गाडगीळांचे या शहरावरील सामाजिक-आर्थिक अभ्यासाचे पुस्तक १९६५ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे निघाले. चोख काम. पण पाहुण्याने येऊन घराची मोजदाद करावी, तसेच ते.

२००४ साली शिवाजी विद्यापीठाच्या येथील पदव्युत्तर केंद्रातून एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ उभे राहिले. २०१९ पासून त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. एका जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणून काहींनी नाक मुरडले. मला ती उणीव वाटत नाही. केगावच्या आवारातून दुपारी निघालेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळच्या आत पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराच्या मागाजवळ बसता येते, आणि त्याला तेलुगू येत असेल तर दुभाष्याचीही गरज नाही; पुष्कळदा तो त्याच घरातला असतो.

विषयांना तोटा नाही, तोटा आहे तो वेळेचा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग गिरणी १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली, १९५० साली सरकारने खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकालपत्र कायद्याच्या कोणत्याही ग्रंथालयात मिळते. दारे बंद झाली त्या दिवशी कामगारांच्या घरी काय शिजले, हे त्यात नाही. तेव्हा विशीत असलेला कामगार आज हयात असेल तर पंचाण्णवच्या पुढे असेल.