आपला माणूस खुर्चीत बसल्यावर

आमच्या वस्तीत कुठल्याही सभेला जा, एक वाक्य ठरलेलं. आपला माणूस वर गेला पाहिजे. टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. गेल्या जयंतीला रात्रपाळी करून मंडपात बसलो होतो. डोळे चुरचुरत होते. शेजारी बसलेले तात्या टाळ्या संपल्यावर हळूच म्हणाले, "वर गेला पाहिजे हे खरंय रे पोरा. पण वर गेलेला खाली बघतो का, ते कोण सांगणार?"

तो सवाल डोक्यात घेऊन मी वाचायला बसलो. मी कॉलेजात गेलेलो नाही. सूतगिरणीत पाळी करतो आणि मिळेल ते वाचतो. इतिहास पंडितांनीच लिहायचा असा दंडक आहे. तो मला मान्य नाही. ज्यांच्या पाठीवर इतिहास घडला त्यांनी तो वाचायचाही नाही आणि लिहायचाही नाही, ही जुनीच मनुगिरी.

वाचला तो आफ्रिकेचा इतिहास. तिथल्या राज्यकर्त्यांचा. आफ्रिकाच का? तर आपलं त्यांच्याशी नातं आहे. जोतीबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढली आणि अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना ती अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या संघटनेवरून घेतलेलं. त्या काळ्यांचे बापजादे साखळदंडात बांधून नेले ते आफ्रिकेतूनच. आज त्या खंडात ५४ देश आहेत. कुठं राष्ट्राध्यक्षच सरकार हाकतो, कुठं जोडीला पंतप्रधान, कुठं अजून राजा. सगळ्यांची जंत्री मी देत नाही. मला फक्त अशा खुर्च्या बघायच्यात, जिथं खालून आलेला माणूस बसला.

पहिली खुर्ची लायबेरियाची. ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकेतल्या मोकळ्या झालेल्या काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं म्हणून १८१६ मध्ये तिथं एक सोसायटी निघाली. १८२० मध्ये पहिलं जहाज सुटलं. किनाऱ्यावर जमीन घेतली, गाव वसलं. अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांच्या नावावरून त्याचं नाव मन्रोव्हिया. १८४७ मध्ये स्वतंत्र देश जाहीर झाला आणि जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स पहिले अध्यक्ष झाले. देशाच्या मुद्रेवर वाक्य कोरलं, स्वातंत्र्याच्या प्रेमानं आम्हाला इथं आणलं.

वाक्य झकास आहे. पण 'आम्हाला' म्हणजे कोणाला? जे आधीपासून तिथंच होते, क्रू, ग्रेबो, क्पेले, गिओ, त्यांना कुणी कुठून आणलेलं नव्हतं. ते त्या वाक्यात नव्हते आणि राज्यातही नव्हते. बाहेरून आलेले आणि त्यांची पिलावळ शंभरात पाचसुद्धा नव्हती. पण अध्यक्ष त्यांचा, मंत्री त्यांचे, कोर्ट त्यांचं. १८७८ पासून १९८० पर्यंत एकच पक्ष सत्तेवर, ट्रू व्हिग. ज्यांच्या पाठीवर मालकाच्या चाबकाचे वळ होते, त्यांनी मालकासारखेच घोळदार कोट आणि टोप्या घातल्या, मालकाच्या वाड्यासारखे वाडे बांधले. रंग एकच, कातडी एकच. तरी उतरंड उभी राहिलीच. आणि आपण म्हणतो उतरंड फक्त आपल्याकडे.

१९२६ मध्ये या सरकारनं फायरस्टोन या अमेरिकी रबर कंपनीशी करार केला. दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, एकरी ६ सेंट भाड्यानं. १९२७ च्या निवडणुकीत अध्यक्ष चार्ल्स किंग यांना २ लाख ४३ हजार मतं पडली असं सरकारनं जाहीर केलं. देशात नोंदलेले मतदार १५ हजारसुद्धा नव्हते. १९३० मध्ये राष्ट्रसंघाची चौकशी समिती आली. तिला काय आढळलं? सरकारातली बडी माणसं गावागावांतून गडी पकडून फर्नांडो पो या स्पॅनिश बेटावर कोकोच्या मळ्यांत धाडत होती. आणि ही पद्धत जुन्या गुलामांच्या व्यापाराहून फारशी वेगळी नव्हती. अध्यक्ष किंग आणि उपाध्यक्ष यॅन्सी, दोघांना राजीनामे द्यावे लागले.

गुलामांची नातवंडं माणसं पकडून धाडत होती. दोस्तांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. मी चारदा वाचलं.

पुढचं ऐका. १९७९ मध्ये अध्यक्ष टोल्बर्ट यांच्या सरकारनं तांदळाच्या पोत्याचा भाव २२ डॉलरवरून २६ करायचं काढलं. १४ एप्रिलला मन्रोव्हियात मोर्चा निघाला. आपल्या जयंतीच्या दिवशी. गोळीबार झाला, निदान ४० माणसं मेली. वर्षभरात, १२ एप्रिल १९८० ला, सॅम्युएल डो नावाचा सार्जंट साथीदार घेऊन राजवाड्यात घुसला आणि टोल्बर्टना मारलं. दहा दिवसांनी १३ बड्या लोकांना समुद्रकाठी खांबांना बांधून गोळ्या घातल्या. लोक रस्त्यावर नाचले. १३३ वर्षांत पहिल्यांदा मूळच्या जमातीतला माणूस खुर्चीत. वय २८. क्रान जमातीचा. मी त्या गर्दीत असतो तर मीही नाचलो असतो. खोटं कशाला बोलू?

मग या आपल्या माणसानं काय केलं? फौजेत आणि सरकारात आपली जमात भरली. १९८५ ची निवडणूक चोरली. त्याच वर्षी त्याच्याविरुद्धचं बंड फसलं, तेव्हा त्याच्या सैनिकांनी गिओ आणि मानो लोकांची कत्तल केली. तेही मूळचेच, तेही गरीबच. १९८९ च्या डिसेंबरात यादवी पेटली. १९९० मध्ये डो पकडला गेला आणि हालहाल होऊन मेला. मधे थोडी उसंत मिळाली, पण लढाई २००३ पर्यंत निस्तरली नाही.

दुसरी खुर्ची गिनीची. इथं बसला तो युनियनवाला. म्हणजे माझ्या जवळचाच. सेकू तुरे. १९५३ मध्ये फ्रेंचांच्या राज्यात त्यानं सत्तर दिवसांच्या वर संप चालवला आणि जिंकला. बाजारात बसणाऱ्या बायांनी संपकऱ्यांना जगवलं. २८ सप्टेंबर १९५८ ला फ्रान्सनं कौल घेतला, आमच्या छत्राखाली राहता का? सगळ्या वसाहतींत गिनी एकटी 'नाही' म्हणाली, शंभरात ९५ च्या वर मतांनी. फ्रेंचांनी जाताना टेलिफोनसुद्धा उपटून नेले. तरी हा माणूस वाकला नाही. छाती फुगते वाचताना.

पण पुढचं पान उलटा. १९६१ मध्ये शिक्षकांच्या युनियनचे पुढारी तुरुंगात. संपवाल्याच्या राज्यात संप हा गुन्हा. बोइरो नावाच्या छावणीत माणसं कोंडून उपाशी मारली. आफ्रिकी एकता संघटनेचा पहिला सरचिटणीस दियालो तेली १९७७ मध्ये तिथंच अन्नपाण्यावाचून मेला. त्याच वर्षी ऑगस्टात बाजारच्या बाया उठल्या. ज्यांनी संप जगवला त्यांच्याच पाटीवर पोलिसांनी धाड घातली होती. तुरे १९८४ मध्ये मेला तो अध्यक्ष म्हणूनच. खुर्चीतून उठला नाही, उचलावा लागला.

तिसरी झांबियाची. फ्रेडरिक चिलुबा, देशभरच्या कामगार युनियनांच्या महासंघाचा पुढारी. १९८१ मध्ये केनेथ काउंडा यांनी त्याला तुरुंगात घातलं. १९९१ मध्ये त्यानं काउंडांची २७ वर्षांची सत्ता मतपेटीतून पाडली, रक्ताचा थेंब न सांडता. मग कामगारांच्या या माणसानं तांब्याच्या खाणी विकायला काढल्या, बाहेरच्या मालाला दारं सताड उघडली. परदेशातल्या जुन्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे गावोगाव आले. तिथं त्याला सालाउला म्हणतात. गिरण्यांची चाकं बंद पडली. कापड विणणारी माणसं दुसऱ्याचे उतरवलेले कपडे घालू लागली. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. उतरवलेले कपडे आपल्यालाही ठाऊक आहेत.

आणि चिलुबाचे सूट जिनिव्हाच्या दुकानातून यायचे. २००७ मध्ये लंडनच्या कोर्टानं चोरलेल्या सरकारी पैशाचा निकाल त्याच्याविरुद्ध दिला, त्यात त्या दुकानाचा हिशेबही निघाला. २००९ मध्ये त्याच्याच देशातल्या कोर्टानं त्याला फौजदारी खटल्यातून सोडलं, हेही सांगितलं पाहिजे. पण बंद गिरण्या कोणत्या कोर्टानं उघडल्या?

इथं वरच्या आळीतला कुणी हसत असेल. बघा, यांना राज्य देऊन काय होतं! हसू नका, साहेब. कांगोचा पॅट्रिस लुमुंबा लोकांनी निवडून दिला. ३० जून १९६० ला देश स्वतंत्र झाला. बेल्जियमच्या राजाला त्यानं तोंडावर जुलमाचा हिशेब ऐकवला. ५ सप्टेंबरला अध्यक्षानं या पंतप्रधानाला बडतर्फ केलं आणि १७ जानेवारी १९६१ ला तो मारला गेला. मारताना बेल्जियन अधिकारी हजर होते. प्रेत ॲसिडात विरघळवलं. उरलेला एक दात बेल्जियमनं २०२२ मध्ये परत दिला. देश परत दिला नाही, दात दिला. मग त्याच खुर्चीत मोबुतू ३२ वर्षं बसला, अमेरिकेच्या आणि युरोपच्या आशीर्वादानं. खालचा माणूस वर येऊन नीट वागायला लागला की त्याला टिकू कोण देत नाही, तेही इतिहासात लिहिलंय.

म्हणून मी रक्ताला दोष देत नाही. खुर्चीकडे बघतो. गोऱ्या साहेबानं ती वरून हुकूम सोडण्यासाठी घडवली होती. खालून हिशेब मागायची सोय तिला नव्हतीच. माणूस बदलला, खुर्ची तीच राहिली.

टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ मध्ये खुर्चीलाच नियम लावला. पुढाऱ्यानं कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, दोन पगार घ्यायचे नाहीत, घरं भाड्यानं द्यायची नाहीत. त्यांचंही सगळं सोवळं नव्हतं. लोकांना जबरीनं नव्या गावांत हलवलं, स्वतंत्र युनियन १९६४ मध्येच मोडली, दुसरा पक्ष ठेवला नाही. पण १९८५ मध्ये कुणी ढकललं नसताना ते अध्यक्षपद सोडून उठले. आणि त्याच लायबेरियात झोपडपट्टीत वाढलेला फुटबॉलवाला जॉर्ज विया अध्यक्ष झाला, २०२३ मध्ये शंभरात दीडसुद्धा टक्क्यांच्या फरकानं हरला, आणि शेवटची मतं मोजायच्या आधीच विरोधकाला फोन करून बाजूला झाला. कारभार कसा केला यावर भांडण होईल. पण उठला. डोपासून वियापर्यंत ४३ वर्षं आणि किती मुडदे लागले तेवढं शिकायला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण त्यांचा फोटो लावला आणि हे विसरलो.

आपला माणूस वर गेला पाहिजे. गेलाच पाहिजे, यात तडजोड नाही. पण मंडपात टाळ्या वाजवायच्या आधी त्याला विचारू. तांदळाचा भाव कोण ठरवणार? आम्ही संप केला तर तू कुठं असशील? तुझा हिशेब आम्ही कुठल्या दिवशी बघायचा? आणि उठायची वेळ झाली की उठशील ना?

हे मी तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुढच्या सभेत विचार." विचारणार आहे.